पोत्यातले कपडे : शिवणकामाच्या नोंदी

२ जून

कपाटावरचं पोतं शेवटी खाली काढलं. आत निघालं ते असं: माझे दोन शर्ट, एकाची कॉलर झिजलेली, दुसऱ्याचं कोपर गेलेलं, जुन्या कपड्यांच्या ढिगातून मीच कधीतरी हौसेने उचललेला एक ढगळ निळा शर्ट, दोन जीन्स, दोन डबल चादरी, चार टीशर्ट, एक लोकरी स्वेटर, आणि एक एकटाच मोजा. मोजा फेकला. बाकीच्यांचं अंगात घालण्याजोगं किंवा घरात वापरण्याजोगं काहीतरी करायचं. नवीन कापड आणायचं नाही. दोरा, सुया, इलॅस्टिक चालेल.

मशीन आईचं. पायाने चालवायचं, फक्त सरळ टीप मारणारं. तेल दिलं, सुईखाली कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांमध्ये साचलेला कापडाचा भुसा टाचणीने उकरून काढला, आणि ९०/१४ची सुई काढून शर्टांसाठी ८०/१२ची घातली. या जोडनंबरातला पहिला आकडा सुईची जाडी सांगतो, ८० म्हणजे ०.८० मिलिमीटर, दुसरा त्याच सुईचा जुन्या पद्धतीचा नंबर. सुईला एका अंगाने लांब खाच असते आणि दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ती यावी लागते. मी ती उलटी बसवली. वीतभर टीप मारली, एकही टाका धरला नाही. आई पलंगावर पडून होती. म्हणाली, “अरे, आवाज वेगळा येतोय. सुई बघ.”

आईची नजर आता बारीक कामाला पुरत नाही. कान मात्र शाबूत आहेत, आणि पुढचे काही दिवस मला त्यांच्या पहाऱ्यात काढायचे आहेत.

४ जून

आज एकही टाका घातला नाही. एकेक कपडा खिडकीशी उजेडासमोर धरला आणि जिथे विरला होता तिथे खडूने गोल केला.

हे आधी कधी केलं नव्हतं, आणि बघितल्यावर स्वतःचीच लाज वाटली. शर्ट फाटला म्हणून आपण अख्खा शर्ट बाद करतो, पण प्रत्यक्षात गेलेली असते ती कॉलरची घडी, कफांची कड आणि कोपरं. खाली पँटीत खोचला जातो तो भाग जवळजवळ नवा असतो. खांद्यांवरचा योक, म्हणजे कॉलरखालचा आडवा तुकडा, दुहेरी कापडाचा, तो तर ठणठणीत. जीन्सच्या मांड्या आतून चाळणी झाल्यात, पोटऱ्यांना काही झालेलं नाही. चादरीचा मधला पट्टा इतका विरलाय की त्यातून खिडकीचे गज मोजता येतात. दोन्ही काठ मात्र पहिल्या दिवसासारखे घट्ट.

जिथे डोळ्यांनी कळेना तिथे कडेला कात्रीने छोटी खाच देऊन फाडून पाहिलं. चांगलं सुती कापड फाडताना चर्र आवाज येतो आणि हाताला ओढ लागते. विरलेलं कापड मुकाट्याने फाटतं. चादरीचा मधला पट्टा फाडला तेव्हा आई म्हणाली, “तो गेला. त्याच्यावर दोरा घालवू नकोस.”

तिचा दोऱ्यांचा डबाही तपासला. जुनी रिळं एकेक करून दोन हातांत धरून झटका दिला. सातांपैकी चार दोरे पट्कन तुटले, ते बाजूला. पण उलट टोकही बरं नाही, हे मला आईकडून कळलं: विरलेल्या कापडाला जाड, चिवट दोरा घातला की ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड टाक्या-टाक्याशी फाटतं. दोरा तुटला तर परत टीप मारता येते. म्हणून शर्टांना बारीक सुती दोरा, जीन्सला पॉलिस्टरचा.

५ जून

कोणता कपडा कशाचा आहे ते बघायला प्रत्येकाच्या आतल्या शिवणीतून चार-पाच धागे काढले, चिमट्यात धरून पाण्याच्या वाडग्यावर पेटवले. सुती धागा कागदासारखा जळला, वासही कागदाचाच, राख मऊ आणि करडी. स्वेटरच्या धाग्याला केस जळल्याचा वास आला आणि ज्योत काढताच तो विझला, म्हणजे खरी लोकर. ढगळ निळा शर्ट मी सुती समजत होतो. तो जळला आणि वितळलाही, शेवटी टोकाला कडक काळा मणी राहिला. पॉलिस्टर मिसळलेलं आहे. तरीच इतका झिजूनही त्याला फारशी सुरकुती पडत नाही. इस्त्री जपून.

७ जून

अख्खा दिवस उसवण्यात गेला. शिवणकाम म्हटलं की लोकांना मशीनचा आवाज आठवतो. जुन्या कपड्यांच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ मांडीवर कपडा घेऊन मान खाली घालून बसण्यात जातो.

टीप बघून उसवायचं, हे आज पक्कं झालं. साध्या मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, एक वरचा, एक बॉबिनचा म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, आणि ते कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. तिथे एका बाजूने दर चार-पाच टाक्यांनी एकेक टाका कापत जायचं, मग कपडा उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. सलग निघतो. जीन्सच्या कमरपट्टीला आतून साखळीसारखी टीप दिसली. ती कापत बसायची नाही. टीप जिथे संपली ते टोक शोधून योग्य दोरा धरला तर एका ओढीत अख्खी कंबर सुटते. मी चुकीच्या टोकाकडून वीस मिनिटं झटापट केली, मग दुसऱ्या टोकाला हात लावला आणि ती सरसर उलगडत गेली. इतकं समाधान या आठवड्यात दुसऱ्या कशाने झालं नाही. इंटरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून मारलेल्या, टिपेत कडेचे वेटोळे घालणारे दोरे तसेच सोडायचे. फक्त सुईचा सरळ दोरा ओढून काढला की वेटोळे आपोआप गळून पडतात.

निळ्या शर्टाचा छातीवरचा खिसा काढला, जीन्सला ठिगळ म्हणून उपयोगी पडेल असं वाटलं. खिशाखाली कापडाचा मूळ रंग जपून राहिलेला निघाला. सगळा शर्ट धुवून धुवून आभाळासारखा फिकट झालाय आणि डाव्या बाजूला हा गडद निळा चौकोन, खाली टोक असलेला, कडेने सुईच्या भोकांची रांग. ओलं करून नखाने घासलं तर भोकं बरीच मिटली. चौकोन कसला मिटतोय. आता हा शर्ट बाहेर घालायचा तर तिथे काहीतरी झाकण लागणार.

खिसा ठिगळाच्या कामाचाही नाही, फार पातळ आहे. विनाकारण काढला.

१० जून

पहिलं खरं काम: झिजलेली कॉलर उलटी करणं. कॉलर घडीवरच झिजते आणि आतली बाजू कोरी असते, म्हणून कॉलर गळ्याभोवतीच्या उभ्या पट्टीपासून उसवायची, पालथी करायची आणि तशीच परत बसवायची. उसवण्याआधी कॉलरच्या आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर दोऱ्याने खूण घातली. ती नसती तर कॉलर एका बाजूला पाव इंच सरकली असती आणि गळा कायम वाकडा दिसला असता. टाका लहान ठेवला, इंचाला बाराच्या आसपास. कच्चा धावदोरा घातला, टीप मारली, इस्त्री केली. अगदी नवी कॉलर.

मग घालून आरशासमोर उभा राहिलो, तर कॉलरच्या दोन्ही टोकांना एकेक फट. कॉलर ताठ राहावी म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालायच्या त्या फटी. त्या नेहमी खालच्या बाजूला असतात म्हणून कधी दिसत नाहीत. माझ्याकडे आता खालची बाजू वर होती.

फटी हाताने शिवून बंद करून बघितल्या. ऑपरेशनच्या खुणेसारख्या दिसायला लागल्या. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: “कोण बघतंय रे तुझी कॉलर?” मी बघतोय ना.

११ जून

कॉलर पुन्हा उसवली, यावेळी कायमची. नुसती उभी पट्टी ठेवली, तिच्या दोन थरांच्या कडा आत दुमडल्या आणि वरून एक टीप. बिनकॉलरचा शर्ट झाला, आणि खरं सांगायचं तर तो मला जास्त शोभतो. काढलेल्या कॉलरचा कोरा भाग जपून ठेवलाय.

कोपर गेलेल्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर कापून अर्ध्या केल्या. अर्ध्या तासाचं काम. कापलेल्या तुकड्यांमधलं मनगटाकडचं कापड एकदम चांगलं आहे. त्याच्या तिरप्या पट्ट्या कापल्या. तिरपं म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या मधून, ४५ अंशांत. तसं कापलेलं कापड ताणलं जातं आणि गोलाईवर चुण्या न पडता बसतं. गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाला, लावायला दोन मीटरभर पट्टी निघाली.

१५ जून

जीन्स. ज्या मांड्यांवर गोल केले होते तिथे कापड बघण्यासारखं आहे: निळे उभे धागे तुटून गेलेत आणि पांढरे आडवे धागे जाळीसारखे लटकतायत. डेनिममध्ये ताण्याचे धागे निळीत बुडवलेले आणि बाण्याचे पांढरेच असतात. शिवाय निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो. घासलं की आतला पांढरा दिसायला लागतो. म्हणून जीन्स फाटण्याच्या फार आधी सांगून ठेवते की कुठे फाटणार आहे. आपण त्याला फॅशन म्हणतो.

दुसऱ्या, न दुरुस्त होणाऱ्या जीन्सच्या पोटरीतून ठिगळ कापलं. चांगलं जाड. आतून लावलं, कडेने दोनदा टीप, मध्ये चौकड्या. सुई १००/१६. आतल्या शिवणीची गाठ येते तिथे कापडाचे सात-आठ थर होतात आणि मशीनचा कापड दाबून धरणारा पाय पुढून वर उचलला जातो, टाका सुटतो. दोन उपाय केले: गाठीवर हातोडीने चार ठोके देऊन ती चपटी केली, आणि पायाच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली म्हणजे पाय आडवा राहतो. आठ थर लोण्यासारखे शिवले गेले.

त्यानंतर खिशाजवळचा उसवलेला कोपरा धरायला गेलो आणि सुई तांब्याच्या रिव्हेटवर आपटली. टोक उडालं, कुठे गेलं ते सापडेना, अर्धा तास लोहचुंबक घेऊन जमिनीवर. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून ही रिव्हेटं ठोकायला सुरुवात केली, आणि २० मे १८७३ रोजी त्याला आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. खिसे वाचले. मांड्यांचा विचार कोणी केला नाही.

१९ जून

जीन्स तीन दिवस घातली. आज जिना चढताना टर्र.

ठिगळ शाबूत आहे. ठिगळाच्या काठाला लागून, टिपेच्या बरोबर बाहेर, मूळ कापड सरळ रेषेत फाटलंय. कागदाला भोकं पाडून फाडावं तसं. दोन चुका एकदम दिसल्या. पहिली, ठिगळ जाड आणि भोवतालचं कापड थकलेलं. चालताना सगळी घडी ठिगळाच्या कडेवरच मोडत होती. दुसरी, भोक होतं तेवढ्याच मापाचं ठिगळ लावलं होतं. खडूचा गोल विरलेल्या भागाभोवती काढला होता, ठिगळ मात्र गोलाच्या आत संपलं. म्हणजे मी ते ढासळणाऱ्या भिंतीला टेकवून उभं केलं.

आईला दाखवलं. तिने बोटं फिरवली, डोळे मिटूनच. “एवढ्यापर्यंत गेलंय,” म्हणून जिथे बोट थांबवलं ती जागा माझ्या गोलाच्याही दीड इंच बाहेर होती.

२१ जून

ठिगळ काढलं. नवीन ठिगळ पातळ घेतलं, त्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या उरलेल्या तुकड्यातून, दुहेरी. विरलेल्या भागाच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर. कड दुमडली नाही, दुमडली की तिथे पुन्हा जाडी येते. कातरून करवतीच्या दातांसारखी केली, म्हणजे ताण एका रेषेत येत नाही.

आणि टिपेऐवजी मशीनवर रफू. त्यासाठी दाते कापड पुढे ढकलायला नकोत. माझ्या मशीनवर ते खाली जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, मध्ये सुईपुरतं भोक ठेवून. मग दोन्ही हातांनी कापड ताणून धरून आपणच पुढे-मागे सरकवायचं. पायाची लय आणि हाताची लय जुळेपर्यंत एक चिंधी वाया घालवली. पाय जलद, हात सावकाश, असं केलं तर टाके बारीक येतात. उलट केलं तर लांब आणि सुई वाकते. रेघा उभ्या धाग्याच्या दिशेने मारल्या, कारण तेच तुटलेत. सगळ्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी संपवल्या, काही विरलेल्या भागाच्या बरंच बाहेर, चांगल्या कापडात.

निळा दोरा संपला म्हणून शेवटच्या वीसेक रेघा करड्या आहेत. मांडीच्या आत आहेत, असू देत.

२२ जून ते ३० जून

रोज जीन्स घालून जिना. शाबूत.

३ जुलै

चादर. मधून विरलेल्या चादरीला जुना इलाज आहे: लांबीत मधोमध फाडायची, बाहेरचे दोन चांगले काठ आत घेऊन एकमेकांना जोडायचे, आणि विरलेला भाग बाजूंना गेला की त्याची कड दुमडायची. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशनिंग होतं, कूपन मोजून कपडे घ्यावे लागत, तेव्हा तिकडच्या बायकांनी अशा चादरी भरपूर शिवल्या. काम सोपं, पण सव्वादोन मीटर सरळ टीप मारणं म्हणजे काय ते पाय सांगतात.

जोड सपाट हवा, नाहीतर पाठीला दोरी टोचल्यासारखं होतं. विणीच्या काठातून धागे सुटत नाहीत, म्हणून दुमड न घालता एक काठ दुसऱ्यावर अर्धा इंच चढवला आणि दोन्ही कडांवरून टीप मारली. बाजूंचा पार विरलेला भाग चार-चार इंच कापून टाकला. आता ती डबल चादर राहिली नाही. एकट्या माणसाच्या पलंगाला खाली खोचूनही पुरते.

आई रात्री झोपली त्यावर. सकाळी विचारलं, टोचतं का? “टोचत नाही. पण आहे हे कळतं.”

दुसऱ्या चादरीला मधला पट्टा एवढाही बरा नव्हता. तिच्या चांगल्या भागाचं अजून काही करत नाही. ते आजमावणीसाठी ठेवलंय. खरं कापड कापायच्या आधी जुन्या चादरीवर माप कापून, कच्चं शिवून अंगावर बघायचं. हे वाक्य इथे लिहून ठेवतो आहे, कारण पुढच्या नोंदीत मी ते पाळलेलं नाही.

८ जुलै

निळा शर्ट. छातीचा घेर ५२ इंच, मला ४४ पुरे. दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या, बाहीच्या खालच्या शिवणीसकट. तासाभरात उरकलं, आरशात छान दिसला. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि अख्खा शर्ट पोटापर्यंत वर आला.

आई हसली. हसण्याचा आवाजच पुरेसा होता, पण तिने कारणही सांगितलं: मोठ्या मापाच्या शर्टाचा मुंढा खोल असतो आणि खांदा दंडावर उतरलेला. बाजू कितीही आत घ्या, बाही जिथून सुटते ती जागा खालीच राहते. मग हात उचलला की बाही एकटी येत नाही, धडाला घेऊन येते. मुंढा वर काखेजवळ असला तर हात मोकळा राहतो. ऐकायला उलटं वाटतं, घट्ट मुंढ्यात हात मोकळा आणि सैल मुंढ्यात बांधलेला, पण खरं आहे. मी लगेच माझ्या दोन शर्टांवर ताडून बघितलं.

म्हणजे बाह्या काढायच्या, खांदा आत घ्यायचा, मुंढा नव्याने कापायचा. आज नाही.

१२ जुलै

बाह्या उसवल्या. बाजूच्या शिवणीही, कारण या शर्टात कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारलेल्या आहेत, त्या सोडवल्याशिवाय मुंढा सपाट पसरत नाही. मला नीट बसणारा एक शर्ट उलटा करून निळ्यावर पसरवला, मुंढ्याची शिवण खडूने गिरवली आणि कापला. दोन्ही बाजू एकदम, दुहेरी धरून, म्हणजे दोन्ही सारख्या येतील.

दोन्ही सारख्याच चुकल्या. मी शिवणीची रेघ गिरवली आणि शिवणीच्या रेघेवरच कापलं. माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, सोडलीच नाही. खांद्याला अर्धा इंच, मुंढ्याला अर्धा, बाजूंना अर्धा-अर्धा. सगळं शिवल्यावर दोन इंचांनी आवळणार.

आईला सांगितलं नाही. पण मशीनचा आवाज थांबला तो सुरूच झाला नाही, तेव्हा तिने विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, “माया आधी, कात्री मग,” आणि कूस बदलली.

१३ जुलै

मशीनला हात लावला नाही. टीशर्ट कापले. दोन टीशर्टांच्या बॉर्डरच्या टिपा तुटल्या होत्या: टीशर्टचं स्वेटरसारखं विणलेलं कापड ताणलं जातं, सरळ टीप ताणली जात नाही. झिगझॅग माझ्याकडे नाही, म्हणून गोल टोकाची सुई घातली, जी धागा न कापता बाजूला सारून जाते, आणि शिवताना कापड पुढून-मागून किंचित ओढून धरलं. ठीक आहे, उत्तम नाही. उरलेल्या दोघांच्या धडाच्या आडव्या पट्ट्या कापल्या, गोल गोल, एका सलग पट्टीत. ओढलं की पट्टीच्या कडा वळून दोरीसारखी नळी होते. एक गुंडा झाला. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही, पण हातात धरायला बरा वाटतो.

१६ जुलै

स्वेटरचा धागा उकलून नवीन विणावं असा बेत होता. बाजूची शिवण उलटून बघितली आणि बेत सोडला. तिथे कडा कापून इंटरलॉक केलेल्या आहेत, म्हणजे मोठ्या विणलेल्या कापडातून तुकडे कापलेत. असा स्वेटर उकलला तर प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हाताशी हातभर लांबीचे शेकडो तुकडे येतात. उकलायचा स्वेटर घेताना आधी शिवण बघायची.

मग मुद्दाम आटवला. गरम पाणी, साबण, आणि जोरात घुसळणं, तीनदा. लोकरीच्या धाग्याला सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासाघीस मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. छातीला समोरून २१ इंच होता, १५ झाला, जाडी दुपटीच्या आसपास. आता कुठेही कापला तरी धागा सुटत नाही, कड दुमडावी लागत नाही. बाह्यांचे वरचे भाग कापून आईच्या गुडघ्यांसाठी दोन नळ्या केल्या, वरच्या काठाला सैल इलॅस्टिक. पाठीतून बुटात घालायचे तळवे. एका तुकड्याची सुया टोचून ठेवायची वही, चार पानांची. शिवणकाम जवळजवळ शून्य आणि सगळ्यात उपयोगी वस्तू याच.

उजव्या गुडघ्याची नळी उलटी शिवली गेली, शिवण बाहेर. आई म्हणते तशीच बरी, आतून टोचत नाही. डावीही उसवून तशीच करून मागितली.

२० जुलै

ताई आणि भाची आल्या. भाची दहा वर्षांची, मोजून उंच होत चाललेली. मशीनवर निळा शर्ट पडला होता, बाह्या वेगळ्या, बाजू उघड्या. तिने विचारलं, “मामा, हा कोणाचा?”

माझा होता. मला दोन इंचांनी कमी पडणारा शर्ट तिला ढगळ होतो, आणि लांबीला गुडघ्याच्या जरा वर. तिला तसाच हवा होता, फ्रॉकसारखा, कमरेला काहीतरी. मी चादरीचा तुकडा काढला. यावेळी आधी चादरीवर मुंढा कापला, कच्चा शिवला, तिला घालायला लावला आणि म्हटलं हात वर कर. तिने दोन्ही हात वर करून तीनदा उडी मारली. ताई म्हणाली, “अगं, फाटेल.” फाटला नाही, वरही आला नाही.

२४ जुलै

मुंढा चादरीवरून निळ्यावर उतरवला. माया अर्धा इंच, दोनदा मोजून. बाह्या मूळच्याच, पण बाहीचा गोल आता मुंढ्यापेक्षा दीड इंचाने मोठा होता. थोडा जास्त असावाच लागतो, खांद्याच्या गोलावर बसायला. दीड इंच मात्र सरळ शिवला तर चुण्या पडणार. बाहीच्या गोलाला लांब टाक्यांच्या दोन टिपा मारून दोरे हलके ओढले, जास्तीचं कापड वरच्या भागात पसरवलं, खाली काखेत अजिबात नाही. टाचण्या बावीस लागल्या. उरलेलं अर्धा इंच बाहीच्या खालच्या शिवणीत घेतलं.

कमरेला नेफा न करता आतून तिरपी पट्टी लावली, त्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाची, आणि तिच्यातून टीशर्टच्या गुंड्याची दोरी ओवली. गुंड्याला काम मिळालं.

चौकोन झाकायला काढलेला खिसाच परत लावायचा होता. टाचला, टीप मारायला ठेवला.

२७ जुलै

भाची पुन्हा आली. घालून बघितला, दोरी ओढून पाहिली, हात वर करून उडी मारली. मग खिशाच्या टाचण्या तिने स्वतः काढल्या आणि खालचा गडद चौकोन बघितला.

“हा इथे कसा आला?”

सांगितलं. खिसा होता, ऊन आणि धुणं पोचलं नाही, सगळा शर्ट आधी या रंगाचा होता.

“सगळा?” ती बराच वेळ एकदा चौकोन, एकदा बाही बघत होती. मग म्हणाली खिसा तिथे नको, खाली बाजूला लाव, हात घालायला. चौकोन असाच ठेव.

खिसा उजव्या बाजूला शिवला, कोपऱ्यांना उलटसुलट तीन-तीन टाके. जाताना दारात तिला चावीसारखं काहीतरी हातात दिलं ताईने, आणि तिचा हात आधी छातीवरच्या चौकोनाकडे गेला, दोनदा चाचपला, मग खाली.